कमलाकरभाऊचा कागद

कमलाकर देशकरांनी चौतीस वर्षं माणसांचे अंगठे धरले. म्हणजे अक्षरशः धरले. कळंबच्या नोंदणी कार्यालयात ते कारकून होते. शेताचा किंवा घराचा दस्त आला, की लिहून देणाऱ्याचा डावा अंगठा आपल्या दोन बोटांत पकडायचा, शाईच्या गादीवर टेकवायचा आणि कागदावर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अलगद लोळवायचा. असा ठसा स्वच्छ उठतो, रेघ न् रेघ दिसते. शिपायालाही जमलं असतं हे काम, पण देशकर कुणाला करू देत नसत.

त्यांचा दुसरा हट्ट याहून वाईट. दस्त मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ते अंगठा धरत नसत. समोरचा म्हणायचा, "मालूम हाये भाऊ, लावा आंगठा." देशकर म्हणायचे, "तुम्हाला मालूम आहे ते आणि कागदात लिहिलंय ते एकच आहे का, ते बघायला नको?" आणि पहिल्या ओळीपासून सुरू. बाहेर रांग लागलेली, साहेब आतून खाकरतायत, वकिलांचे कारकून घड्याळं बघतायत. अशा माणसाला बढती मिळत नसते. त्यांना एकदाच मिळाली, तीही उशिरा.

२००८ साली निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या घरी यवतमाळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं पत्र आलं. रुग्णालयाला आपल्या एथिक्स कमिटीवर ते हवे होते.

ही कमिटी काय असते हे चांगल्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं, म्हणून सांगून टाकलेलं बरं. आपल्या देशात माणसांवर औषध तपासायचं असेल, नुसतं रक्त घेऊन अभ्यास करायचा असेल, तरी डॉक्टरला मनाला येईल तसं करता येत नाही. आधी या कमिटीपुढे सगळी योजना मांडावी लागते. कमिटीत डॉक्टर असतात, औषधांचा जाणकार असतो, वकील असतो, समाजशास्त्राचं कुणीतरी असतं. अध्यक्ष रुग्णालयाबाहेरचा हवा, सचिव रुग्णालयातलाच हवा. आणि या सगळ्या शहाण्यांत एक खुर्ची सामान्य व्यक्तीची. ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही असा माणूस मुद्दाम शोधून तिथे बसवायचा. तो नसेल तर बाकी सगळे विद्वान जमले तरी निर्णय घेता येत नाही.

रजनीबाईंनी, म्हणजे देशकरांच्या पत्नीनं, पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "चला. तुम्ही सामान्य आहात हे कुणीतरी एकदाचं लेखी दिलं."

पहिल्या दोन-तीन बैठकांत देशकर गप्प बसून चहा पिऊन आले. फायली जाडजूड, चर्चा अर्धी इंग्रजीत. कमिटीच्या अध्यक्षबाई गृहविज्ञान कॉलेजच्या निवृत्त प्राचार्य होत्या. त्यांना गप्प बसणारी माणसं खपत नसत. त्यांनी सरळ विचारलं, "देशकर, तुम्ही इथे कशाला येता?" देशकर म्हणाले, "तेच कळत नाही." बाई म्हणाल्या, "पेशंटची संमती घेण्याचा कागद असतो ना मराठीतला, तो बघा. तो पेशंटला कळेल की नाही एवढंच सांगा. बाकीचं आम्ही बघतो."

आता हे काम त्यांचंच. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचायला घेतला, कारण मनात वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटतच नसे. तेवढ्यात वच्छलाबाई दूध घेऊन आली. गावाच्या कडेला तिचं घर, नवरा किसनराव, पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तुरीच्या ओळी, दारात दोन म्हशी. दूध मापता मापता ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे कोनाले सांगून राह्यले, भाऊ?"

"पेशंटला."

"पेशंट का वकील हाये का?"

देशकरांनी तिला पायरीवर बसवलं आणि एकेक वाक्य वाचलं. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरचा कुठला तरी अभ्यास होता. 'पाच मिलिलिटर रक्ताचा नमुना' आला तशी ती घाबरली. देशकरांनी आतून चहाचा चमचा आणून दाखवला, एवढं. "मंग चमचाभर म्हना ना. उगाच भेव कायले घालता?" त्यांनी पेन्सिलीनं खोडून वर लिहिलं: चहाचा एक चमचा. पुढच्या बैठकीत त्यांनी असे अकरा बदल सांगितले. डॉक्टर मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. अध्यक्षबाईंनी अकराच्या अकरा मान्य केले.

मग ती रीतच झाली. बैठकीच्या आधीच्या आठवड्यात ओसरीवर वाचन. वच्छलाबाई तिसरी शिकलेली, पण शाळा सुटून चाळीस वर्षं झालेली. सहीपुरतंही अक्षर राहिलं नव्हतं, अंगठाच लावायची. कान मात्र तिखट. जे वाक्य ऐकून तिची मान हलली नाही ते वाक्य देशकर कागदात राहू देत नसत. 'यादृच्छिक पद्धतीने' म्हटलं की ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. त्याचं 'चिठ्ठ्या टाकून' तिनं केलं. 'सहभाग संपुष्टात आणणे' याचं 'नको वाटलं तर निघून जाणे' तिचंच. पाच वर्षांत त्या रुग्णालयातले संमतीचे कागद जिल्ह्यात सगळ्यात सोपे झाले, याचं कौतुक देशकरांच्या वाट्याला आलं. त्यांनी ते घेतलं. वच्छलाबाईचं नाव कधी सांगितलं नाही, कारण सांगता येत नव्हतं.

प्रत्येक सभासदानं लिहून दिलेलं असतं की कमिटीतला कागद बाहेर कुणाला दाखवणार नाही. २०१३ मध्ये कमिट्यांची दिल्लीत नोंदणी सक्तीची झाली तेव्हा ही हमी पुन्हा नव्यानं लिहून घेतली. रजनीबाई म्हणाल्या, "परवाच सही करून आलात ना? आणि आज पुन्हा ओसरीवर पारायण?"

"वच्छलाबाई का बाहेरची आहे?"

"तुमच्या ऑफिसात असं कुणी म्हटलं असतं तर तुम्ही दस्त परत केला असता."

देशकरांनी कागदाचं पुढचं पान उलटलं. आपण चांगलं काम करतोय एवढी खात्री असली की माणूस नियमाला घरचा गडी समजायला लागतो.

२०१४ च्या जूनमध्ये डॉ. मंदार यांची योजना आली. डॉक्टर तरुण होते, सज्जन होते, रात्ररात्र वॉर्डात उभे राहणारे. फवारणीची विषबाधा होऊन येणारी माणसं दर वर्षी वाढत होती. कपाशीवर तुडतुडे वाढले, औषधं जहाल झाली, पीक उंच वाढलं आणि पाठीवर पंप घेऊन डोक्याइतक्या झाडांत शिरणारी माणसं श्वासावाटे ते सगळं आत घेत होती. नेहमीचे उपचार सगळ्यांना द्यायचेच होते. त्याशिवाय एक जादा औषध शिरेतून दिलं तर माणसं वाचतात का, हे डॉक्टरांना तपासायचं होतं. निम्म्यांना ते औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय द्रावण. कुणाला काय हे डॉक्टरलाही ठाऊक नाही.

त्या सकाळी वच्छलाबाईबरोबर किसनराव पण आला होता. उंच, हाडकुळा, डोक्याला गमछा. गावात फवारणीला त्याच्यासारखा हात नव्हता. आपलं झालं की दुसऱ्यांच्या वावरातही जायचा. देशकरांना म्हणाला, "काहो भाऊ, तुमी महिन्याच्या महिन्याले दवाखान्यात जाता अन् चांगले धडधाकट वापस येता. आमाले पन सांगा ना तो डाक्टर."

"बस. तुझाच कागद आहे."

'कीटकनाशकांच्या व्यावसायिक संपर्कात आलेल्या व्यक्तींमध्ये उद्भवणारी लक्षणे,' देशकरांनी वाचलं.

किसनराव हसायला लागला. "म्या व्यक्ती हावो का वं?" त्यानं बायकोला विचारलं.

"तू कायचा व्यक्ती. फवारा मारून आलेला मानूस हायेस तू. भोवळ येते, घाम सुटते, तोंडाले लाळ येते. आस्स लिवा, भाऊ."

लिहिलं. निष्क्रिय द्रावणात काय असतं म्हणून तिनं विचारलं. मीठ आणि पाणी, असं कळल्यावर म्हणाली, "मंग मिठाचं पानी म्हना."

"आन ज्याले मिठाचं पानी भेटलं त्याले सांगान का?" किसनरावानं विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत कुणालाच माहीत नसतं."

"म्हंजे डोये बांधून खेळून राह्यले म्हना."

"तसंच समज. कळावं म्हणूनच डोळे बांधायचे."

"बरं हाये," म्हणून तो उठला आणि म्हशीला चारा टाकायचा म्हणून गेला. कागद मंजूर झाला. अध्यक्षबाई म्हणाल्या, इतका स्वच्छ कागद या टेबलावर आजवर आला नव्हता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किसनराव बाभूळगाव रस्त्यावरच्या एका वावरात फवारत होता. दुपारून वारा फिरला. वारा फिरला की पंप उतरवायचा हे तो इतरांना शिकवायचा, पण तीनच ओळी राहिल्या होत्या. तीन ओळींसाठी कोण थांबतं? घरी आला तो भिंतीला धरून. कळंबहून यवतमाळला नेलं, आणि जागा मिळाली ती नेमकी त्या ट्रस्टच्या रुग्णालयात. चौथ्या दिवशी तो गेला.

देशकरांना तिसऱ्या दिवशी कळलं होतं, कारण दूध दुसऱ्याच कुणाच्या पोरीनं आणलं. ते निघेनिघेतो माणूस संपला होता. मयतीला गेले, तेराव्याला गेले. वच्छलाबाई स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसायची. देशकरांना वाटलं, बांगड्या गेलेल्या मनगटाकडे बघते आहे.

अभ्यासात सामील झालेलं माणूस दगावलं, तर ती गोष्ट कमिटीला लगेच कळवावी लागते आणि कमिटीला तीस दिवसांत मत द्यावं लागतं: हा मृत्यू अभ्यासातल्या औषधानं झाला का, की आजारानंच? त्यावर पुढचं सगळं ठरतं, भरपाई सुद्धा. त्यासाठी बैठक बोलावली. फाईलवर नाव नसतं, नुसता क्रमांक आणि आद्याक्षरं. देशकरांनी वय वाचलं, पुरुष, फवारणी. अशी माणसं त्या मोसमात कितीतरी होती. हा किसनराव तर नव्हे, हे त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही. पण त्यांनी फाईल पुढे सरकवली.

त्या वर्षी संमती घेतानाचं चित्रीकरण ठेवायचा नियम होता. वकील म्हणाले, आधी संमती नीट घेतली का ते बघू. सचिवांनी लॅपटॉप वळवला.

चित्रात वॉर्डाबाहेरचा व्हरांडा होता. प्राची, म्हणजे डॉ. मंदार यांच्या हाताखाली कागदपत्रं सांभाळणारी मुलगी, खुर्चीवर कागद घेऊन बसलेली. समोर बाकावर वच्छलाबाई; किसनराव शुद्धीवर नव्हता, म्हणून संमती तिनं द्यायची होती. तिच्या शेजारी पूनमसिंग नावाचा एक म्हातारा बंजारा. त्याचा भाऊ त्याच वॉर्डात होता. संमती देणाऱ्याला वाचता येत नसेल तर ज्याचा अभ्यासाशी काही संबंध नाही असा साक्षीदार लागतो, म्हणून त्याला बसवलेलं.

प्राचीनं वाचायला सुरुवात केली. "फवारा मारून आलेल्या माणसाला भोवळ येते, घाम सुटतो, तोंडाला लाळ येते..."

वच्छलाबाईनं एकदम मान वर केली. "हे मले मालूम हाये."

"काकू, पूर्ण ऐकून घ्या."

"मालूम हाये ना बाई. हा कमलाकरभाऊचा कागद हाये. आन इकडे, कुठं लावू आंगठा?"

पूनमसिंग म्हणाला, "ऐकून तं घे बाई. घाई कायची?"

"तुमाले नाई मालूम, बाबा. भाऊ कधी वाचल्याबिगर आंगठा घेत नाई. त्यायनं वाचला हाये हा. तिकडे तो घरघर करून राह्यला, आन इथं वाचत बसू का?" तिनं स्वतःच शाईच्या गादीवर अंगठा दाबला. प्राचीनं तरीही उरलेला कागद शेवटपर्यंत वाचला, भरभर. वच्छलाबाई दाराकडे बघत होती.

सचिवांनी चित्र थांबवलं. मग वकिलांनी विचारलं, "कमलाकरभाऊ कोण?"

देशकर उभे राहिले. पाच वर्षांचं सगळं सांगितलं. ओसरी, दूध, चमचा, चिठ्ठ्या. "ती वाक्यं तिचीच आहेत," म्हणाले. "म्हणून तिला वाटलं..."

वकील काहीतरी कलम सांगायला लागले. अध्यक्षबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "कागद सोपा झाला, हे खरं," त्या देशकरांना म्हणाल्या. "पण त्या बाई ऐकत नव्हत्या, देशकर. ओळखत होत्या. ओळखीच्या माणसाचा कागद कोण ऐकतं?"

"माझ्या टेबलावर कुणाला असं करू दिलं नाही मी," देशकर म्हणाले.

"तिथे टेबल होतं. व्हरांड्यात तुम्ही नव्हतात."

ज्याचा प्रकरणाशी संबंध आहे त्यानं बाहेर जायचं, असा नियम. देशकर बाहेर बाकावर जाऊन बसले. त्यांच्या जाण्यानं सामान्य व्यक्तीची खुर्ची रिकामी झाली आणि बैठकच थांबली. आठवड्यानं एका निवृत्त शिक्षिकेला बोलावून ती पुन्हा घेतली. मृत्यूबद्दल काय ठरलं ते देशकरांना कळवलं नाही. कळवायचं कारणच उरलं नव्हतं. त्यांनी राजीनामा आपण होऊन दिला. तो मागायची वेळ येऊ दिली नाही एवढंच. पुढच्या प्रत्येक माणसाकडून कागद ऐकल्यावर तोच त्याच्या शब्दांत परत सांगून घ्यायचा, मगच अंगठा, असं कमिटीनं ठरवलं. वॉर्डात अजून असलेल्यांच्या नातेवाइकांना पुन्हा बसवून पुन्हा वाचून दाखवलं. देशकरांच्या त्या चुकीतून निघालेला एवढाच काय तो शहाणपणा.

दिवाळीनंतर एका सकाळी वच्छलाबाई स्वतः दूध घेऊन आली. मापलं, भांडं रजनीबाईंच्या हातात दिलं आणि गेली नाही. पायरीवर बसली, नेहमीच्या जागी.

"भाऊ, तुमी त्या कमिटीत हा ना?"

"होतो. सोडली."

"मले एक सांगा." तिनं डावा हात पुढे केला. अंगठ्यावर आता शाई कुठली असणार, पण ती बघत होती तिथेच. "माह्या या आंगठ्यानं मेला का तो? म्या आंगठा नसता लावला, त्याले ती सुई नसती देल्ली, तं वाचला असता का?"

"मला माहीत नाही."

"तुमाले मालूम नाई?"

"मला बाहेर बसवलं होतं. शप्पथ."

"मंग कोनाले मालूम हाये?"

रजनीबाई दारातच उभ्या होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बसून काय राहिलात? तिचा माणूस आहे. तिला विचारायचा हक्क आहे. अर्ज लिहा."

खरंच होतं ते. देशकरांनी फुलस्केप कागद घेतला. चौतीस वर्षांचं वळणदार अक्षर, पण त्या दिवशी ओळी वर-खाली गेल्या. माझ्या पतीस अभ्यासात काय दिले आणि त्याने त्यांचा मृत्यू झाला का, हे मला सांगावे. एवढंच. शाईची गादी घरात होती, जुनी, सुकत आलेली. थेंबभर पाणी टाकलं. सवयीनं त्यांनी तिचा अंगठा धरायला हात पुढे केला.

वच्छलाबाईनं हात मागे घेतला. "वाचा."

त्यांनी वाचलं.

"अजून वाचा."

पुन्हा वाचलं.

"अजून."

त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. तिनं मधे थांबवलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, मग स्वतःच्या तोंडानं सगळं परत म्हणून दाखवलं, आणि मग अंगठा दिला. देशकरांनी तो नखाच्या कडेपासून कडेपर्यंत लोळवला. ठसा बरा उठला नाही. सारवणानं, धारा काढण्यानं तिच्या अंगठ्याच्या रेघाच झिजल्या होत्या.

महिन्यानं उत्तर आलं. ती ते न फोडता घेऊन आली. डॉ. मंदार यांनी स्वतः लिहिलं होतं, मराठीत, सोप्या शब्दांत, आणि वाईट वाटल्याचंही लिहिलं होतं. देशकरांनी मोठ्यानं वाचलं. मृत्यू झाल्यामुळे किसनरावाचा गुप्त क्रमांक उघडून पाहिला होता. त्याला नेहमीचे सगळे उपचार मिळाले होते. जादा सुईत त्याच्या वाट्याला मिठाचं पाणी आलं होतं. मृत्यू फवारणीच्या विषानं झाला, असं कमिटीचं मत पडलं होतं.

"म्हंजे माह्या आंगठ्यानं नाई मेला."

"नाही."

तिनं डोळे मिटले. रजनीबाईंना वाटलं, सुटली बिचारी. पण ती पुन्हा बोलली.

"मिठाचं पानी."

"हो."

"म्याच सांगतलं तसं लिवाले." मग तिनं विचारलं, "मंग औषध कोनाले गेलं?"

"कुणाला तरी दुसऱ्याला. चिठ्ठीत निघालं असेल त्याला."

"तो जगला का?"

देशकरांना ते माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी जगात कुणालाच माहीत नव्हतं. अभ्यास अजून चालू होता. अंगठ्यानं मारलं नाही हे कळलं, पण चिठ्ठी दुसरी निघाली असती तर वाचवलं असतं का, हा नवा काटा घेऊन ती बाई उठली. म्हशी विकून वर्षभरात ती राळेगावकडे लेकीच्या घरी राहायला गेली. दूध पुढे डेअरीचं येऊ लागलं.

देशकर त्यानंतर ओसरीवर बसायचे ते नुसते. कुणी अर्ज लिहून घ्यायला आलं तर लिहून द्यायचे, वाचून दाखवायचे, पण आधी म्हणायचे, "मी लिहिलाय म्हणून विश्वास ठेवू नकोस. ऐक." लोकांना वाटायचं, म्हातारा भ्रमला. भ्रमला नव्हता. तीन वर्षं एका बातमीची वाट बघत होता.

२०१७ च्या डिसेंबरात प्राचीचा फोन आला. अभ्यास संपला, छापून आला. तिनं तो टपालानं पाठवला. जानेवारीत, तुरीच्या दिवसांत, देशकरांनी एसटी धरली. राळेगावला उतरले, तिथून सहा आसनी रिक्षानं त्या गावात गेले. अडुसष्ट वर्षांचं वय, गुडघे दुखत होते, रजनीबाई नको म्हणत होत्या.

वच्छलाबाई अंगणात सुपानं तुरी पाखडत होती. शेजारी नात खुशी खेळत बसली होती. त्यांना बघून वच्छलाबाईनं पदर सावरला, पण सूप खाली ठेवलं नाही.

"बसा भाऊ. वहिनी बऱ्या हायेत?"

"बऱ्या आहेत." ते बाजेवर बसले. इकडचं-तिकडचं बोलायला त्यांना कधीच जमलं नव्हतं. "वच्छलाबाई, निकाल आला. ज्यांना औषध मिळालं आणि ज्यांना मिठाचं पाणी मिळालं, दोन्हींकडे सारखीच माणसं गेली. त्या औषधाचा काही उपयोग नाही."

सूप हलायचं थांबलं. "म्हंजे औषध भेटलं असतं, तरी?"

"तरी तेच झालं असतं."

तूर सुपाच्या कडेला गोळा झाली होती. ती बोटानं मधे सारत राहिली. मग म्हणाली, "हे मले तवाच काहून नाई सांगतलं? तीन सालं म्या त्या चिठ्ठीवाल्या मानसाले रोज शिव्या देल्या."

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

"हाव." तिनं मान हलवली. ओसरीवर एखादं वाक्य पटलं की हलवायची तशीच. "त्याच्याचसाठी तं आंगठे घेतले."

देशकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ती म्हणाली, "आनला का तो कागद?"

"आणला. पण इंग्रजीत आहे."

"मंग मराठीतून वाचा ना. सारा वाचा."

त्यांनी पिशवीतून कागद काढला. इंग्रजी त्यांचं नोंदणी कार्यालयापुरतं. पहिलीच ओळ अडली. तोंडातल्या तोंडात पुटपुटून मग म्हणाले, "कीटकनाशकांच्या व्यावसायिक संपर्कात आलेल्या व्यक्ती..."

"फवारा मारून आलेला मानूस," वच्छलाबाई म्हणाली. "पुढं."

लेकीनं चहा ठेवला तो गार झाला. नात झोपली. आकड्यांची पानं होती, तीही त्यांनी सोडली नाहीत. किती आले, किती घरी गेले, किती नाही गेले. त्या शेवटच्या आकड्यात एक किसनराव होता, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

राळेगावहून परतीची साडेचारची गाडी त्यांना मिळाली नाही.